टिचकी आणि टप्पा

निंटेंडो डीएसच्या खालच्या पडद्यावर स्टायलस नावाच्या काडीचे टोक टेकवले की मारिओच्या हातातला चेंडू जमिनीवर आपटतो. पुन्हा टेकवले की पुन्हा आपटतो. डावा अंगठा मारिओला कोर्टभर पळवतो आणि उजवा हात टिचक्या मारत राहतो. ‘मारिओ हूप्स थ्री-ऑन-थ्री’ हा खेळ उभा आहे तो या एका हालचालीवर. २००६ च्या जुलैत तो जपानमध्ये ‘मारिओ बास्केट थ्री-ऑन-थ्री’ या नावाने आला, सप्टेंबरात अमेरिकेत पोहोचला आणि पुढच्या वर्षी युरोपात ‘मारिओ स्लॅम बास्केटबॉल’ झाला. हातात धरायच्या कन्सोलवर बास्केटबॉलचे कितीतरी खेळ निघाले, पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो हाच. याच्यात खोट नाही असे नाही. पण बास्केटबॉलमधली जी गोष्ट बाकीच्यांनी यंत्राकडे सोपवली, ती याने खेळणाऱ्याच्या हातात परत दिली.

ती गोष्ट म्हणजे टप्पा. गंमत अशी की बास्केटबॉलच्या जन्मावेळी टप्पा खेळात नव्हताच. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये जेम्स नेस्मिथ यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊ असे दोन संघ करून फुटबॉलनेच खेळ सुरू केला. चेंडू घेऊन पळायचे नाही, जिथे पकडला तिथूनच फेकायचा, असा सक्त नियम होता. मग कोंडीत सापडलेल्या खेळाडूंनी पळवाट शोधली. चेंडू जमिनीवर टाकायचा आणि आपणच पुन्हा झेलायचा, म्हणजे जणू स्वतःलाच पास द्यायचा. या पळवाटेतून ड्रिबलिंग जन्माला आले आणि बघता बघता खेळाचा प्राण झाले. कोर्टावर नवे मूल आले की प्रशिक्षक त्याला आधी नेम शिकवत नाहीत. टप्पा शिकवतात, आणि तोही चेंडूकडे न बघता.

व्हिडिओ गेमने मात्र हाच भाग गाळला. कोनामीने १९८६ मध्ये आर्केडसाठी काढलेल्या आणि पुढे गेम बॉय या हातातल्या कन्सोलवरही आलेल्या खेळाचे नावच ‘डबल ड्रिबल’ होते. टप्पा थांबवून पुन्हा सुरू करण्याच्या चुकीवरून ठेवलेले हे नाव. तरी गेम बॉयवर तो खेळणाऱ्याला टप्पा द्यावा लागत नाही. दिशेची कळ दाबली की खेळाडू आपोआप चेंडू आपटत पळतो. शिकागोच्या मिडवेने १९९३ मध्ये ‘एनबीए जॅम’ काढून आर्केडमध्ये धुमाकूळ घातला. तो खेळही गेम बॉय आणि गेम गिअरवर उतरला, तेव्हा पळणे, ढकलणे, उंच उडून चेंडू टोपलीत कोंबणे, सगळे कळांवर आले आणि टप्पा मात्र चित्रातच राहिला. यात त्या कारागिरांचा दोष नाही. गेम बॉयवर बाणांची चौफुली आणि कामाच्या दोनच कळा. त्यातली एक पासला आणि एक फेकीला दिली की टप्प्यासाठी उरते काय?

डीएस आले आणि हा हिशेब बदलला. २००४ च्या अखेरीस निघालेल्या या यंत्राला दोन पडदे होते आणि खालच्या पडद्याला स्पर्श कळत होता. आजच्या फोनच्या काचेला कळतो तसा नव्हे. फोनच्या काचेला बोट नुसते लागले तरी पुरते. डीएसच्या पडद्याला दाब लागतो. वर एक लवचीक पारदर्शक पापुद्रा, खाली काच, दोन्हींवर वीज वाहणारा पातळ थर आणि मध्ये केसाएवढी फट. टोकाने दाबले की वरचा पापुद्रा वाकून खालच्या थराला टेकतो आणि कुठे टेकला ते विजेच्या दाबावरून यंत्र ओळखते. उचलले की पापुद्रा पुन्हा वर. म्हणजे मारिओचा चेंडू जमिनीला टेकून उसळत असतो, त्याच क्षणी आपल्या हाताखाली एक पापुद्राही टेकून उसळत असतो. टप्प्याला इतका जुळणारा पडदा दुसरा नसावा असे मला मनापासून वाटते. एकाच वेळी एकच बिंदू ओळखता येणे ही त्याची मर्यादा. पण टप्प्याला तरी एकाहून जास्त बिंदू कुठे लागतात?

बाकीच्या खुणाही अशाच साध्या आहेत. स्टायलस वरच्या दिशेने ओढली की फेक, सोबत्याच्या दिशेने ओढली की पास. चेंडू समोरच्या संघाकडे असेल तर वर ओढून उडी घ्यायची आणि अडवायचे, खाली ओढून चेंडू हिसकवायचा. पडद्यावर ठरावीक आकृती काढली की त्या-त्या पात्राची खास फेक निघते.

पण टप्प्याला खरी किंमत दिली आहे ती नाण्यांनी. कोर्टावर प्रश्नचिन्हाच्या फरश्या असतात. त्यांवर चेंडू आपटला की नाणी उसळतात आणि खात्यात जमा होतात, शंभरापर्यंत. साध्या बास्केटला इथे दोनऐवजी २० गुण आणि लांबून केलेल्या बास्केटला ३०. बास्केट झाली की हाती असतील तेवढी नाणी त्या गुणांत मिळवली जातात. पहिल्यांदा ऐकल्यावर हे मारिओच्या जगातले नेहमीचे रंगरंगोटीचे काम वाटते. मलाही तसेच वाटले होते. चार-पाच सामने खेळल्यावर लक्षात आले की बास्केटबॉलचा मूळ पेच यात नेमका पकडला आहे. फरशीवर उभे राहून टप्पे देत राहावे तर नाणी वाढतात. पण तेवढ्यात समोरचे तिघे अंगावर येतात, कुणी कासवाचे कवच फेकतो, कुणी केळीची साल टाकून जातो. चेंडू हिसकावला गेला की केलेली कमाई पाण्यात. मग अजून दोन टप्पे घ्यायचे, की आहे ते घेऊन टोपलीकडे धावायचे? खऱ्या कोर्टावर चेंडू खेळवणाऱ्याला दर क्षणी हेच ठरवावे लागते. चेंडू जितका वेळ आपल्या हातात, तितकी जागा मोकळी होण्याची आशा आणि तितकीच चेंडू जाण्याची भीती. नाण्यांमुळे ही आशा आणि भीती दहा वर्षांच्या मुलालाही मोजता येते.

खोट आहे तीही इथेच. शंभर नाण्यांच्या ओझ्याखाली २० आणि ३० मधला फरक दबून जातो. लांबून अचूक फेक साधणारा खेळाडू या खेळात फारसा मोठा ठरत नाही, आणि हे मला आजही खटकते. दुसरी अडचण हाताची. मुख्य खेळ खालच्याच पडद्यावर चालतो, त्यामुळे स्टायलस धरलेला हात कोर्टाचा एक कोपरा सतत झाकतो. चढाओढीच्या सामन्यानंतर मनगट भरून येते. घाईत मारलेली रेघ थोडी तिरपी गेली तर फेकीचा पास होतो. डावखुऱ्यांसाठी मात्र बनवणाऱ्यांनी आठवणीने सोय केली. बाणांऐवजी उजवीकडच्या चार कळांनी खेळाडू पळवता येतो.

बनवणारे होते स्क्वेअर एनिक्स, आणि यामागे एक जुना दुरावा आहे. १९९६ च्या मार्चमध्ये निंटेंडो आणि त्या वेळच्या स्क्वेअरने मिळून ‘सुपर मारिओ आरपीजी’ काढला. त्याच सुमारास स्क्वेअरने आपला सगळ्यांत मोठा खेळ, ‘फायनल फँटसी ७’, सोनीच्या प्लेस्टेशनवर नेण्याचे ठरवले. निंटेंडो ६४ कार्ट्रिजला चिकटून राहिले होते आणि स्क्वेअरच्या चलचित्रांना जागा हवी होती ती सीडीची. तो खेळ १९९७ मध्ये तीन सीडींवर आला. दोन घरांमधले येणे-जाणे अनेक वर्षे जवळजवळ बंद झाले. २००३ मध्ये स्क्वेअर आणि एनिक्स एक झाले, त्याच वर्षी निंटेंडोच्या गेमक्यूबवर ‘फायनल फँटसी क्रिस्टल क्रॉनिकल्स’ आला आणि दार किलकिले झाले. तीन वर्षांनी खुद्द मारिओ पुन्हा त्यांच्या हाती सोपवला गेला, तो या छोट्याशा कार्ट्रिजमध्ये. म्हणूनच मशरूम, फ्लॉवर, स्टार, रेनबो असे चषक जिंकत गेल्यावर जी दडलेली पात्रे उघडतात त्यांत ‘फायनल फँटसी’ची मंडळी आहेत: निन्जा, पांढरी जादूगारीण, काळा जादूगार, मूगल आणि निवडुंगाचा कॅक्टुआर. मारिओच्या शेजारी उभे राहून टप्पा देणारा कॅक्टुआर पाहिला की दहा वर्षांचा तो दुरावा ठाऊक असलेल्या माणसाला भरून येते. संगीत मासायोशी सोकेन यांचे. पुढे ‘फायनल फँटसी १४’च्या संगीतासाठी जगभर ओळखले जाणारे सोकेन ते हेच.

तिघे विरुद्ध तिघे हा बेतही मला योग्य वाटतो. जपानमध्ये नव्वदच्या दशकात ताकेहिको इनोउए यांच्या ‘स्लॅम डंक’ या मांगाने शाळकरी मुलांना बास्केटबॉलचे वेड लावले होते आणि एका टोपलीखाली तिघा-तिघांनी खेळायचा रस्त्यावरचा खेळही तिथे रुजला होता. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली त्या प्रकाराला पदके मिळाली. मारिओच्या कोर्टाला मात्र दोन टोपल्या आहेत. छोट्या पडद्यावर दहा जणांची गर्दी झाली असती. सहा जण असले की आपला चेंडू डोळ्यांना सापडत राहतो.

इंटरनेटवरून दूरच्या कुणाशी खेळण्याची सोय यात नाही, आणि त्या वेळी अनेकांनी याबद्दल नाराजी दाखवली. ‘मारिओ कार्ट डीएस’ने ती सोय आदल्याच वर्षी दिली होती, तेव्हा नाराजी रास्तच होती. इथे सामना खेळायचा तो दोघांनीच, जवळ बसून, बिनतारी जोडणीने. एका रात्री घरातली माणसे झोपलेली म्हणून भाच्याने आणि मी दोन्ही यंत्रांचे आवाज पूर्ण बंद केले. खोलीत उरली ती फक्त स्टायलसची टकटक. थोड्या वेळाने माझे लक्ष पडद्यावरून त्याच्या हाताच्या आवाजाकडे गेले. त्याची टकटक संथ असली की तो पळतोय. एकदम जलद झाली की प्रश्नचिन्हाच्या फरशीवर उभा राहून नाणी गोळा करतोय. ते ऐकून मी आधीच त्या बाजूला वळायचो. तिसऱ्यांदा चेंडू गेल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले, मग उशी मांडीवर घेतली, यंत्र तिच्यावर ठेवले आणि टिचक्या इतक्या हलक्या मारायला लागला की मला काही ऐकूच येईना.