चेहरा दिसला पाहिजे!

आमच्या बचत गटातल्या आक्का गेल्या वर्षी गेल्या. गोधडीचा टाका आम्हा सगळ्यांना त्यांनीच शिकवला. दहाव्याला हार घालायला फोटो हवा म्हणून त्यांच्या सुनेने घरभर शोधाशोध केली. लग्नातल्या फोटोत पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला. आधार कार्डावरचा फोटो तर 'ह्या आक्का' असं सांगावं लागेल असा. शेवटी माझ्या मोबाइलमध्ये मेळाव्याचा एक फोटो सापडला. मागच्या रांगेत आक्का खळखळून हसत होत्या. स्टुडिओत नेऊन तो मोठा करायला सांगितला, तर चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. "वहिनी, यात मुळात चेहराच आलेला नाही, मी कुठून आणू?" स्टुडिओवाले काका म्हणाले.

त्याच दिवशी ठरवलं, एक चांगला कॅमेरा घ्यायचाच. भिशीचे पैसे नुकतेच आले होते, ते बाजूला ठेवले आणि दुकान गाठलं. तिथल्या मुलाने एकामागून एक कॅमेरे समोर मांडले. "मॅडम, हा घ्या, याला मेगापिक्सेल जास्त." मी आपली आर्ट्सची, आकडे दिसले की मला घाम फुटतो! काहीच न घेता घरी आले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्टुडिओवाल्या काकांकडे गेले.

त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "वहिनी, फोटो कशाचे काढायचेत?" अगदी खरं! साडी घेतानाही आपण आधी ठरवतो, लग्नकार्याला की रोज नेसायला. मला पक्षी टिपायचे नव्हते, की क्रिकेटची मॅच. मला हवे होते बायकांचे चेहरे, तेही त्यांच्या अंधाऱ्या घरांत.

मग त्यांनी मेगापिक्सेलचं भूत उतरवलं. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. अल्बममधल्या ४ बाय ६ इंची फोटोला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. ए-फोर कागदाएवढा सुबक फोटो हवा तर साधारण ९ लागतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलचा जुना कॅमेराही आपल्याला भरपूर झाला. मग आक्कांचा फोटो का फसला? कारण त्या मागच्या रांगेत होत्या आणि एवढ्या ठिपक्यांतले त्यांच्या वाट्याला थोडेच आले होते. मोबाइलवर बोटांनी चित्र मोठं करतो, तेव्हाही बहुतेक वेळा असलेलंच चित्र कापून ताणलं जातं. नवं काही त्यात येत नाही.

त्याहून महत्त्वाचा असतो सेन्सर. पूर्वी कॅमेऱ्यात रीळ असायचं, त्या जागी आता हा असतो. पागोळ्यांखाली वाटी ठेवली तर थोडं पाणी साठतं, परात ठेवली तर जास्त, तसंच उजेडाचं. मोबाइलचा सेन्सर फार तर नखाएवढा. साध्या डीएसएलआरचा साधारण २३ बाय १५ मिलिमीटर, आणि महागड्या 'फुल फ्रेम' कॅमेऱ्याचा ३६ बाय २४. मला मधला पुरेसा होता.

आणि आता खरी गंमत, बरं का! काका म्हणाले, "कॅमेरा साधा घ्या, पैसे लेन्सवर घाला." कॅमेऱ्याबरोबर बहुधा १८-५५ मिलिमीटरची लेन्स येते. घोळका टिपायला ती छान. पण ५५वर नेली की तिचं तोंड बारीक होतं, आकडा ५.६ वर जातो. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. ५० मिलिमीटर आणि १.८ आकड्याची लेन्स घेतली, तर जवळजवळ दहापट उजेड आत येतो. फ्लॅश लागत नाही, मागची भांड्यांची मांडणी पुसट होते आणि चेहरा उठून दिसतो. ह्या लेन्सला झूम नाही, आपणच पुढे-मागे व्हायचं. छोट्या खोलीत सगळं कुटुंब मात्र हिच्यात मावत नाही, तेव्हा पहिलीच लेन्स लावायची. लेन्स बसवायची खाच कंपनीगणिक वेगळी असते, ती जुळते ना, हे दुकानातच लावून बघा.

झूम नाही म्हणून नाक मुरडू नका. आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३ ते २०१२) ज्या रोलीफ्लेक्सने फोटो काढत, त्यालाही झूम नव्हता. त्यांना २०११ साली पद्मविभूषण मिळालं.

कंपन्या आता मिररलेसकडे वळल्यात, त्यामुळे डीएसएलआर जुन्या बाजारात परवडतो. मी तोच घेतला, लेन्स तेवढी नवी. जुना घेताना आतापर्यंत किती फोटो काढलेत ते विचारा आणि लेन्समधून बॅटरीचा झोत टाकून बघा. जाळं दिसलं तर ती बुरशी, घेऊ नका. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कपाटातल्या कापडी पिशवीत नको.

पहिल्या दिवशी गटातल्या बायकांना दारापाशी, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. "मला मेलीला कशाला? सुनेचा काढ," म्हणत सगळ्यांनी पदर पुढे ओढले. मग मी कॅमेरा मांडीवर ठेवला, चहा आला, गप्पा रंगल्या, आणि हळूच एकेकीचा फोटो टिपला. पुढच्या आठवड्यात छापून नेले, तर एक मावशी कितीतरी वेळ स्वतःकडेच बघत राहिल्या. म्हणाल्या, "हाराची वाट कशाला बघायची? आत्ताच भिंतीवर लावते."

आक्कांचा फोटो राहिला तो राहिलाच. पण मैत्रिणींनो, तुमच्या घरातल्या आईचा, सासूबाईंचा एक तरी नीट फोटो आहे का, आजच बघा. नसेल तर कॅमेरा घेईपर्यंतही थांबू नका. हातातला मोबाइल घ्या, त्यांना दारातल्या उजेडात बसवा आणि जवळ जा. चेहरा दिसला पाहिजे!