ग्रॉसिंगच्या मेजावरची पहिली इयत्ता

एमबीबीएस आणि वर्षभराची आंतरवासिता पूर्ण करून, नीट-पीजीच्या गुणवत्तायादीतून विकृतिशास्त्राच्या, म्हणजेच पॅथॉलॉजीच्या, एम. डी. अभ्यासक्रमाला येणारा डॉक्टर तोवर रुग्णाच्या खाटेशी उभा राहून शिकलेला असतो. नव्या विभागात रुग्ण त्याच्यासमोर क्वचितच येतो. त्याच्या जागी येते ती फॉर्मॅलिनची बरणी, तिच्यावर चिकटवलेली चिठ्ठी आणि सोबतचा मागणी-अर्ज. महाराष्ट्रातील शासकीय आणि महापालिका वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाच्या या निवासी डॉक्टरला बोलीत ‘जेआर-वन’ म्हणतात, आणि त्याचे सुरुवातीचे महिने बरणी, कागद व सुरी यांच्याशी शिस्तीने वागायला शिकण्यात जातात; सूक्ष्मदर्शकावरचा त्याचा अधिकार मागाहून येतो. या क्रमाला सबळ कारण आहे. काचपट्टीचे वाचन चुकले तर दुसऱ्या जाणकाराला तीच पट्टी पुन्हा तपासता येते, पण भलत्या क्रमांकाखाली नोंदला गेलेला नमुना कोणाचा हे ओळखणे दुरापास्त होते आणि वेडावाकडा कापला गेलेला अवयव कधीच पूर्ववत होत नाही.

हा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असून, नाशिक येथे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत तो चालतो. एवढ्या काळात शस्त्रक्रियेतून आलेल्या ऊतींची तपासणी, सुईने काढलेल्या पेशींची तपासणी, रक्तविज्ञान, लघवी व शरीरद्रवांच्या तपासण्या आणि बहुतेक ठिकाणी रक्तपेढीचे कामही शिकायचे असते. इंग्लंडमध्ये ऊतींचे निदान करणारा आणि रक्तविकारांचा अभ्यास करणारा असे दोन स्वतंत्र विशेषज्ञ तयार होतात, आणि २००१ पासून लीड्स, लेस्टर व साउथॅम्प्टन येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण-शाळांनी नव्या डॉक्टरांच्या गटाला एकत्र बसवून शिकवण्याची पद्धत घालून दिली. आपल्याकडे असे शिक्षण बव्हंशी विभागातल्या विभागात, वरच्या वर्षाच्या निवासी डॉक्टरांच्या आणि अध्यापकांच्या हाताखाली होते, त्यामुळे त्याची प्रत त्या त्या विभागाच्या शिस्तीवर अवलंबून राहते.

पहिला धडा नमुना स्वीकारण्याच्या खिडकीवर मिळतो. बरणीवरचे आणि अर्जावरचे नाव, आंतररुग्ण क्रमांक, अवयव आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळल्याखेरीज नमुना नोंदवहीत चढत नाही. तफावत आढळली तर प्रयोगशाळेने आपल्या तर्काने दुरुस्ती करायची नसते. वॉर्डातील संबंधित डॉक्टरला बोलावून, त्याच्या सहीने ती करून घ्यायची असते. नोंद झाल्यावर मिळणारा क्रमांक पुढे ऊतीचा तुकडा ठेवायच्या प्लॅस्टिकच्या कॅसेटवर, मेणाच्या ठोकळ्यावर, काचपट्टीवर आणि शेवटी अहवालावर जातो. या साखळीची एक कडी जरी निसटली तरी एकाचा कर्करोग दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो.

अर्जावरचे वय, व्यवसाय, सवयी आणि आजाराचा इतिहास हे रकाने घाईच्या वॉर्डात अनेकदा कोरे सोडले जातात, आणि ते भरून घेण्यासाठी नव्या डॉक्टरला फोन फिरवावे लागतात. या रकान्यांचे मोल मुंबईतच सिद्ध झालेले आहे. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयात प्रयोगशाळेची धुरा सांभाळणारे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोगाची शरीरातील जागा आणि निरनिराळ्या समाजांतील राहणीमान यांचा संबंध तपासला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट आवळल्या जाणाऱ्या धोतराच्या घर्षणाच्या जागी उद्भवणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचे वर्णन त्यांनी ‘धोती कॅन्सर’ या नावाने केले. सूक्ष्मदर्शकाखाली हा त्वचेच्या इतर कर्करोगांसारखाच दिसतो. त्याचे कारण सापडते ते रुग्णाच्या पेहरावाची नोंद झालेली असेल तरच.

यानंतर येते स्थिरीकरण. शरीराबाहेर पडलेली ऊती आपल्याच विकरांमुळे आणि जिवाणूंमुळे कुजू लागते. फॉर्मॅलिन तिच्यातील प्रथिनांना एकमेकांशी जखडून ती प्रक्रिया थांबवते. वापरायचे द्रावण दहा टक्के फॉर्मॅलिनचे, म्हणजे सुमारे चार टक्के फॉर्मल्डिहाइडचे असते. त्याचे आकारमान नमुन्याच्या किमान दहापट असावे लागते, आणि ते ऊतीत तासाला जेमतेम एक मिलिमीटर या संथ गतीने शिरते. स्तनासारखा मोठा अवयव न कापता रात्रभर ठेवला तर बाहेरून टणक दिसतो आणि आत मात्र बिघडलेला असतो. म्हणून नमुना हाती येताच तो योग्य दिशेने चिरून ठेवणे हे जेआर-वनचे काम ठरते. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरक-ग्राहकांची तपासणी विश्वसनीय व्हायची तर स्थिरीकरण सहा ते बहात्तर तास इतकेच व्हावे लागते, त्यामुळे सुट्ट्यांचे वेळापत्रकही या गणितात धरावे लागते.

शिक्षणाचा गाभा ग्रॉसिंगमध्ये, म्हणजे अवयवाचे नुसत्या डोळ्यांनी निरीक्षण, मोजमाप, वर्णन आणि निवडक तुकडे घेणे यात आहे. सुरुवातीला आंत्रपुच्छ आणि पित्ताशय यांसारखे सोपे वाटणारे नमुने सोपवले जातात. पित्ताशय उभा उघडून त्याची लांबी, भित्तीची जाडी, आतल्या अस्तराचा पोत आणि खड्यांचे वर्णन लिहायचे, आणि नलिकेच्या कापलेल्या टोकासह वेगवेगळ्या भागांतून तुकडे घ्यायचे. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधी कधी अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो, आणि भित्तीचा एखादा जाडसर भाग बोटांना जाणवला नाही तर तो तुकड्यात येतच नाही.

त्यानंतर अवघड नमुन्यांची पाळी येते. काढलेला स्तन मेजावर आला की शल्यचिकित्सकाने दिशा दाखवण्यासाठी घातलेले टाके ओळखून नमुना मांडला जातो आणि त्याच्या कडांवर शाई लावली जाते. ही शाई पुढच्या सर्व रासायनिक प्रक्रियांतून टिकून काचपट्टीवर दिसते, आणि गाठीच्या पेशी तिला टेकलेल्या आढळल्या तर शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघाली नसण्याची शक्यता उघड होते. मग सुमारे एकेक सेंटिमीटरचे समांतर काप पाडून गाठीचे तिन्ही दिशांचे माप आणि कडांपासूनचे अंतर नोंदले जाते, आणि काखेतली चरबी बोटांनी चिवडून एकेक लसिका-ग्रंथी वेचली जाते. प्रत्येक नमुन्यानंतर फळी, सुरी आणि चिमटा धुण्याचा आग्रह वरिष्ठ निवासी डॉक्टर वारंवार धरतात, कारण चिमट्याला चिकटलेला कणभर तुकडा पुढच्या रुग्णाच्या ठोकळ्यात शिरून खोट्या निदानाला जन्म देऊ शकतो.

निवडलेले तुकडे अल्कोहोलच्या चढत्या तीव्रतेतून, झायलीनमधून आणि वितळलेल्या मेणातून जातात आणि मायक्रोटोमवर त्यांचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप निघतात. पुढे हिमॅटॉक्सिलिन पेशीकेंद्राला निळे करते आणि इओसिन भोवतालचा भाग गुलाबी रंगवते. हे काम तंत्रज्ञांचे असले, तरी चांगल्या विभागांत नव्या डॉक्टरला काही दिवस त्यांच्याशेजारी बसवतात. काप का फाटला, त्यावर घडी का पडली, रंग फिका का आला हे स्वतः अनुभवल्याखेरीज, दोष ऊतीतला की हाताळणीतला हे पुढे ओळखता येत नाही. ज्यांना सगळे रुग्णालय ‘मामा’ म्हणून हाक मारते त्या जुन्या कर्मचाऱ्यांकडूनही जुने ठोकळे आणि नमुने शोधण्याची वाट नव्या डॉक्टरला समजते.

रात्रपाळीला रक्तविज्ञानाची परीक्षा होते. पावसाळ्यात डेंगू आणि हिवताप वाढले की तातडीच्या प्रयोगशाळेत नळ्यांची रांग लागते. यंत्राने बिंबाणूंची संख्या वीस हजार दाखवली तर ती तशीच कळवायची नसते: आधी नळीत रक्ताची गुठळी नाही ना हे पाहायचे, मग काचपट्टीवर थेंब पसरून, लीशमन रंगाने रंगवून बिंबाणूंचे पुंजके शोधायचे. काही व्यक्तींच्या रक्तातले बिंबाणू नळीतील ईडीटीए या गोठणरोधकामुळे एकमेकांना चिकटतात, आणि यंत्र पुंजक्यांना बिंबाणू म्हणून मोजत नाही. ही पडताळणी राहून गेली, तर रुग्णाला नको असलेला बिंबाणूंचा पुरवठा होऊ शकतो.

सुरक्षिततेची शिकवणही याच काळातली. हिपॅटायटिस-बीची लस आणि २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या, लाल, पांढऱ्या व निळ्या डब्यांची विभागणी सर्वांनाच शिकवली जाते. पण शस्त्रक्रिया चालू असताना, वीसेक मिनिटांत उत्तर देण्यासाठी ऊती गोठवून कापली जाते तेव्हा ती फॉर्मॅलिनमधून गेलेली नसते आणि तिच्यात क्षयाचे जिवाणू जिवंत असू शकतात, हा धोका याच विभागातला. हीच गोष्ट शवविच्छेदनाची. पोलिसांकडून आलेली प्रकरणे बहुधा न्यायवैद्यकशास्त्र विभाग हाताळतो, तर आजाराच्या उलगड्यासाठी नातेवाइकांच्या लेखी संमतीने होणारी शवविच्छेदने विकृतिशास्त्राकडे असतात. ती घटत चालल्याने अवयव संपूर्ण आणि एकमेकांच्या संबंधात पाहण्याची संधी नव्या पिढीला कमी मिळते.

सूक्ष्मदर्शकाकडे नवा डॉक्टर वळतो ते हे सर्व चालू असतानाच. एकच पट्टी अनेकांना एकाच वेळी पाहता येणाऱ्या बहुमुखी यंत्रापुढे बसून तो आधी निरोगी ऊती ओळखायला आणि आजाराचे नाव घेण्यापूर्वी दिसते ते वर्णन करायला शिकतो. अंतिम अहवालावर सही अध्यापकांची असते आणि शंका आली तर ते काचपट्टी कितीही वेळा पाहू शकतात. मात्र त्याच अहवालातील स्थूल वर्णनाचा परिच्छेद, म्हणजे गाठ किती मोठी होती, कडेपासून किती दूर होती आणि कोणता तुकडा कुठून घेतला हा मजकूर, बहुधा पहिल्या वर्षाच्या डॉक्टरने लिहिलेला असतो, आणि अवयव कापून झाल्यावर तो पूर्णपणे पडताळणे कोणालाच शक्य नसते. आयएसओ १५१८९ या मानकानुसार मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळांना प्रत्येकाच्या प्रशिक्षणाची आणि क्षमतेची लेखी नोंद ठेवावी लागते. अशी नोंद प्रत्येक शिकवणाऱ्या विभागात असण्याचे कारण याच परिच्छेदात आहे: संस्थेचे सर्वांत अनुभवी डोळे ज्या माहितीवर विसंबून निदान करतात, ती गोळा करण्याचे काम तिने आपल्या सर्वांत नवख्या हातांवर सोपवलेले असते.