थंड इंजिनाची जादा हवा

थंड इंजिनात ऑइल घट्ट असतं, घर्षण जास्त. नेहमीच्या आयडलिंगवर इंजिन बंद पडू पाहतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ओढायला चोक नसतो. म्हणून १९७३ मध्ये आलेल्या बॉशच्या के-जेट्रॉनिक यंत्रणेत थ्रॉटलला वळसा घालून जादा हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. ही हवा यंत्रणेच्या हवा मोजणाऱ्या मापकातूनच येते, त्यामुळे तिच्या प्रमाणात पेट्रोलही वाढतं. आत दोन धातूंची जोडपट्टी असते. विजेच्या हीटरनं ती तापते, वाकते आणि भोकाची चकती सरकून काही मिनिटांत वाट बंद होते. कॉम्प्युटर नाही की सेन्सर नाही! मला तरी ही युक्ती फार देखणी वाटते.

थंड इंजिन चालू असताना व्हॉल्व्हची रबरी नळी चिमटून पाहा. आरपीएम उतरायला हवेत. इंजिन गरम झाल्यावरही उतरले, तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पण नवा घेण्याआधी कनेक्टरला करंट येतोय ना, ते तपासा. भंगारातला दुसऱ्या गाडीचा व्हॉल्व्ह नळीत चपखल बसेलही, पण भोकाचं माप आणि बंद व्हायला लागणारा वेळ इंजिनागणिक वेगळा असतो. पार्ट नंबर जुळवूनच घ्या, आणि नळीला चिरा असतील तर तीही बदला.