प्रलयाची तारीख आणि पैशाची साक्ष

इसवी सन १८४४ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेच्या ईशान्य भागातील काही शेतकऱ्यांनी आपले बटाट्याचे पीक काढलेच नाही. ते जमिनीतच राहू दिले. काही दुकानदारांनी दुकानांना कुलपे लावली. कित्येकांनी जुनी देणी फेडली आणि उरलेला पैसा प्रचाराच्या पत्रकांसाठी देऊन टाकला. २२ ऑक्टोबर रोजी येशू ख्रिस्त पुन्हा अवतरणार आणि हे जग लयास जाणार, अशी त्यांची खात्री होती.

ह्या समजुतीच्या मुळाशी एक हिशेब होता. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम मिलर ह्या शेतकऱ्याने बायबलातील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षे असे मानले, ती इसवी सनापूर्वी ४५७ पासून मोजली आणि १८४३ च्या सुमाराचा काळ काढला. तो काळ लोटल्यावर सॅम्युएल स्नो ह्या अनुयायाने २२ ऑक्टोबर १८४४ हा नेमका दिवस सांगितला. तो दिवस मावळला, रात्र सरली, आणि सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. इतिहासात ह्या प्रसंगाला ‘महानिराशा’ असे नाव पडले.

अशी हकीकत ऐकली की पुष्कळांना वाटते, ह्या लोकांचा मनातून विश्वास नसावाच. सारे दिखाऊ असावे. हा तर्क पारखून पाहण्याची संधी २०११ साली आली. कॅलिफोर्नियातील ‘फॅमिली रेडिओ’ ह्या ध्वनिक्षेपण संस्थेचे प्रमुख हॅरॉल्ड कॅम्पिंग हे स्थापत्यशास्त्राचे पदवीधर. त्यांनी बायबलावरून गणित मांडून २१ मे २०११ हा दिवस जाहीर केला. त्या दिवशी श्रद्धावंत स्वर्गात उचलले जातील, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या श्रोत्यांपैकी काहींनी जन्मभराची पुंजी जाहिरातींवर खर्च केली.

त्याच सुमारास नेड ऑगेनब्लिक आणि त्यांचे सहकारी ह्या अर्थशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. आज ५ डॉलर घ्यावेत, की चार आठवड्यांनी, म्हणजे ती तारीख उलटल्यावर, अधिक रक्कम घ्यावी, अशी निवड त्यांनी लोकांपुढे ठेवली. ही रक्कम ५०० डॉलरांपर्यंत वाढविलेली होती. तुलनेसाठी सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट पंथाचे लोक घेतले. हा पंथ मिलरच्या निराश झालेल्या अनुयायांतूनच उदयास आला. ख्रिस्ताच्या पुनरागमनावर त्याची श्रद्धा आहे, परंतु तो तारीख सांगत नाही. ह्या पंथाचे लोक थोड्याशा वाढीव रकमेसाठी थांबावयास तयार होते. कॅम्पिंग ह्यांच्या जवळजवळ सर्व अनुयायांनी मात्र ५०० डॉलर नाकारून आजचे ५ डॉलर पसंत केले. ज्याला उद्याचा बाजारच भरणार नाही असे वाटते, त्याला उद्याच्या पैशाचे मोल ते काय?

प्रयोगातील माणसे थोडी होती, हे खरे. तरीही एवढे दिसून आले की ही श्रद्धा ढोंगी नव्हती. पण येथेच एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. पैशाचा त्याग ही श्रद्धेच्या खरेपणाची साक्ष होय. भाकिताच्या खरेपणाची नव्हे. सर्वस्व दिल्याने गणित बरोबर ठरत नाही.

२१ मे निघून गेला. न्याय त्या दिवशी अदृश्य रूपाने झाला आणि अंत २१ ऑक्टोबरला होईल, असे कॅम्पिंग ह्यांनी सांगितले. तोही दिवस गेला. २०१२ च्या मार्चमध्ये त्यांनी आपली चूक उघडपणे मान्य केली. पण खर्चलेली पुंजी त्यामुळे परत येणार नव्हती.

ग्रहणाचे पंचांग करणाराही तारीख सांगतो. मग फरक कोठे? ग्रहण सांगितल्या वेळी लागले नाही, तर चूक हिशेबाची, हे तो आधीच मान्य करतो, आणि तो हिशेब कोणालाही तपासता येतो. प्रलयाची तारीख टळली, की बहुधा अर्थ बदलतो अथवा नवी तारीख निघते. म्हणून पैशाच्या थैलीची गाठ सोडण्यापूर्वी भाकीत करणाऱ्यास एकच प्रश्न विचारावा: हा दिवस साधेपणाने उजाडला, तर आपण चुकलो असे आपण म्हणाल काय? आणि जे फसले त्यांची थट्टा करू नये. हसणाऱ्यांच्या गर्दीतून माघारी येण्यापेक्षा नव्या तारखेवर विश्वास ठेवणे मनुष्याला सोपे वाटते.