नेट आहे, पण तास तुटतो!

२०२० च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलच्या पडद्यावर भरू लागल्या. "बाई, तुमचा आवाज तुटतोय," हे वाक्य तेव्हा घरोघरी ऐकू येई. एखाद्या मुलाला प्रश्न विचारावा, तर उत्तर येत नसे. लक्ष नाही म्हणून त्याला बोलणीही बसत. प्रत्यक्षात त्याने उत्तर दिलेले असे. ते पोचलेले नसे. गंमत अशी, की त्याच मोबाइलवर सिनेमा मात्र सुरळीत चाले. मग दोष कशाचा?

ऑनलाइन तासाचे किंवा विद्यार्थ्यांची माहिती भरण्याचे सॉफ्टवेअर मुख्यतः आपल्या यंत्रावर चालत नाही. ते दूरच्या एखाद्या इमारतीतील संगणकांवर चालते. यालाच क्लाउड म्हणतात. आपला आवाज तिथे अखंड धारेने जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे, म्हणजे पॅकेट्स, एकामागून एक पाठवले जातात.

बदलापूरहून मुंबईला जाणाऱ्या लोकल डोळ्यांसमोर आणा. गाडीला किती डबे आहेत, ही झाली नेटची क्षमता. जाहिरातीत 'स्पीड' म्हणतात तो हाच. प्रवासाला लागणारा वेळ म्हणजे विलंब. आज दीड तास, उद्या दोन तास, हा झाला चढउतार. गाडी रद्द होणे म्हणजे पॅकेट हरवणे. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची केली, तरी ती लवकर पोचत नाही. म्हणून नुसता स्पीड मोजून नेटचा दर्जा कळत नाही.

सिनेमाचा पुढचा भाग मोबाइल आधीच साठवून ठेवतो. त्यामुळे एखादे पॅकेट हरवले, तरी ते पुन्हा मागवायला सवड असते. संभाषणात ही सवड नसते. उशिरा आलेला शब्द निरुपयोगी, म्हणून तो बहुधा सोडून दिला जातो आणि आवाज तुटतो. संभाषण सहज व्हायचे, तर एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे.

हे मोजायचे कसे? डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकेतील माइक म्यूस यांनी 'पिंग' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. पाणबुडीचा शोध घेताना ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीची वाट पाहतात, त्यावरून हे नाव पडले. पिंग एक पॅकेट पाठवतो आणि उत्तर येईपर्यंतचा वेळ सांगतो.

हा वेळ किमान किती असेल? काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. बदलापूर ते मुंबई सीएसएमटी हे रेल्वेचे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. जाऊन-येऊन १३६ किलोमीटरना एक मिलिसेकंदही लागणार नाही. सेवेचे संगणक सिंगापूरला असतील, तर सुमारे ३,९०० किलोमीटरच्या सरळ अंतरासाठी जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तरी हवेतच. पिंगने २०० दाखवले, तर उरलेला वेळ वळणाच्या मार्गात, वायफायमध्ये आणि मुख्यतः रांगेत गेला असे समजावे. कल्याणला कर्जत आणि कसारा हे दोन्ही मार्ग एकत्र येतात, तिथे गाड्या सिग्नलला थांबतात, तसेच हे आहे.

आकडे वाचताना सरासरीने फसू नये. समजा, दहा पिंगांपैकी नऊ २० मिलिसेकंदांत आले आणि एक १००० मध्ये. सरासरी येते ११८, पण मध्यक २०. प्रत्यक्षात एकाही पॅकेटला ११८ मिलिसेकंद लागलेले नाहीत! म्हणून किमान, कमाल, मध्यक आणि हरवलेल्यांचे शेकडा प्रमाण, चारही नोंदवावेत. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण कोणते?

विंडोज संगणकाच्या कमांड खिडकीत रोमन लिपीत 'पिंग', मग उणे चिन्हाला जोडून 'एन', मग १०० आणि शेवटी पत्ता लिहिला, की शंभर पॅकेट्स जातात. पहिली चाचणी घरच्या राउटरशी करावी. त्याचा पत्ता बहुधा त्याच्या खालच्या चिठ्ठीवर असतो. दुसरी एखाद्या मोठ्या संकेतस्थळाशी आणि तिसरी आपल्या सेवेशी. राउटरपर्यंतच अडथळा असेल, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर ठीक, पण पुढचे दोन्ही बिघडलेले, तर बहुधा नेट पुरवणाऱ्याचा. फक्त सेवाच मंद असेल, तर संशय सेवेवर. मात्र काही संगणक पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर येथील शाळांनी मिळून हा प्रयोग करावा. आठवडाभर सकाळी, दुपारी आणि रात्री नोंदी घ्याव्यात आणि आलेख काढावेत. 'नेट खराब आहे' ही तक्रार झाली. 'रात्री नऊला शंभरांतली सात पॅकेट्स हरवतात' हा पुरावा झाला. आणि पुढच्या वेळी पडद्यावरचे मूल गप्प दिसले, तर रागावण्यापूर्वी आधी नेट तपासावे, एवढे तरी आपण शिकलेले असू.