पुरुष वंध्यत्व आणि जन्मजात दोष

लग्नाला तीन-चार वर्षे झाली आणि घरात पाळणा हलला नाही, की नांदेड-लातूरकडील अनेक कुटुंबांत सर्वप्रथम सुनेच्या तपासण्या सुरू होतात. सोनोग्राफी, रक्ताच्या चाचण्या, गर्भनलिकांचा एक्स-रे आणि जोडीला माहूरच्या रेणुकामातेला नवस. पतीची वीर्यतपासणी मात्र अगदी शेवटी होते. काही घरांत ती होतच नाही. वास्तविक, मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोष हे पूर्णतः वा अंशतः कारण असते. यांतील काही दोष जन्मजात असतात. ते वेळीच ओळखले गेले, तर पुढील अनेक वर्षांची फरपट टळू शकते.

शुक्राणू वृषणात (बोलीभाषेत गोटीत) तयार होतात. तेथून ते अधिवृषणात परिपक्व होतात, शुक्रवाहिनीतून पुढे सरकतात, शुक्राशय व प्रोस्टेट ग्रंथीचे स्राव त्यांत मिसळतात आणि हे वीर्य मूत्रमार्गावाटे बाहेर पडते. गर्भावस्थेत या मार्गाचा कोणताही भाग अपुरा घडला, तर प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो.

वृषण खाली न उतरणे

हा सर्वाधिक आढळणारा दोष होय. गर्भात वृषण पोटामध्ये, मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि जन्मापूर्वीच्या शेवटच्या महिन्यांत वृषणकोशात उतरतात. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी साधारण तिघांत एक वा दोन्ही वृषण जन्मतः खाली आलेले नसतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे प्रमाण बरेच अधिक असते. बऱ्याच बाळांत पहिल्या काही महिन्यांत वृषण आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर मात्र तशी शक्यता फारच कमी उरते.

वृषणकोशाचे तापमान शरीरापेक्षा दोन ते तीन अंशांनी कमी असते आणि शुक्राणूंच्या निर्मितीस तेवढा थंडावा आवश्यक असतो. पोटात अडकलेल्या वृषणातील शुक्राणू निर्माण करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. पुढे त्या वृषणात कर्करोग होण्याचा धोकाही वाढतो. म्हणूनच वृषण खाली आणून बसविण्याची शस्त्रक्रिया सहा महिने ते दीड वर्ष या वयात करावी, असे तज्ज्ञ सांगतात. ‘मोठा झाला की येईल खाली’ या समजुतीने दहा-बारा वर्षे थांबणे घातक ठरते. एकाच बाजूचा दोष असल्यास पुढे बहुतेकांना अपत्यप्राप्ती होते. दोन्ही बाजूंचा असल्यास ही शक्यता लक्षणीय घटते.

हा दोष ओळखण्यास यंत्र लागत नाही. बाळाला न्हाऊ-माखू घालणाऱ्या आजीच्या हातालाही तो कळू शकतो. थंडीने वृषण तात्पुरते वर ओढले जातात. म्हणून कोमट पाण्याने अंघोळ घालताना पाहावे. सहा महिन्यांच्या बाळात दोन्ही वृषण हाताला लागत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे.

शुक्रवाहिनीचा अभाव

काही पुरुषांत दोन्ही शुक्रवाहिन्या जन्मतःच नसतात. वृषणात शुक्राणू बहुधा व्यवस्थित तयार होतात, परंतु त्यांना बाहेर येण्यास वाट नसते. लैंगिक जीवन सर्वसामान्य असल्याने लग्नापूर्वी शंकाही येत नाही. वीर्याचे प्रमाण कमी आणि शुक्राणू शून्य, असा अहवाल आल्यावर तज्ज्ञाने वृषणकोश हाताने चाचपला, तरी बहुधा निदान होते. एका बाजूचीच शुक्रवाहिनी नसेल, तर त्या बाजूचे मूत्रपिंडही नसण्याची शक्यता असते. म्हणून पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी.

हा दोष अनेकदा सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या जनुकाशी निगडित असतो. त्यामुळे उपचारापूर्वी पती-पत्नी दोघांची जनुकीय तपासणी करण्याचा सल्ला दिला जातो. वृषण वा अधिवृषणातून सुईने शुक्राणू काढून, एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याची इक्सी ही पद्धत बेल्जियममध्ये विकसित झाली आणि 1992 मध्ये तिचे यश जगासमोर आले. तेव्हापासून अशा पुरुषांनाही स्वतःचे अपत्य होऊ शकते.

मूत्रमार्गाचे छिद्र खाली असणे

काही मुलग्यांत मूत्रमार्गाचे छिद्र शिश्नाच्या टोकाऐवजी खालच्या बाजूस असते. दोष तीव्र असल्यास वीर्य गर्भाशयमुखापर्यंत पोहोचण्यात अडथळा येतो. शस्त्रक्रियेत बहुधा शिश्नाग्रावरील त्वचाच वापरली जाते. त्यामुळे अशा बाळाची सुंता करण्यापूर्वी शल्यचिकित्सकांचा सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

तपासणी कोठे?

2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत वैद्यकीय पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शालेय विद्यार्थ्यांची एकदा तपासणी करतात. त्या वेळी पालकांनी संकोच न बाळगता शंका सांगावी. नांदेडचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांत बाळाला दाखवता येते. किनवट, देगलूर, उदगीर वा निलंगा येथील पालकांनी प्रथम जवळच्या शासकीय रुग्णालयात दाखवून पुढील सल्ला घ्यावा.

विवाहित जोडप्याने वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास दोघांची तपासणी एकाच वेळी करावी. वीर्यतपासणी स्वस्त व वेदनारहित आहे. दोन ते सात दिवसांचा संयम पाळून नमुना द्यावा आणि दोष आढळल्यास काही आठवड्यांनी ती पुन्हा करावी. उपचारकेंद्र निवडताना 2021 च्या कायद्यानुसार त्याची नोंदणी झाली आहे का, हेही पाहावे.

जन्मजात दोष हा कोणाचा अपराध नसतो आणि त्याने पुरुषत्वाला उणेपणाही येत नाही. मात्र तो न तपासता पत्नीला वांझ ठरविणे वा मुलाचे दुसरे लग्न लावून देणे, हा अन्याय आहे. दोष पतीत असेल, तर दुसऱ्या लग्नानेही पाळणा हलत नाही.