आधी मत बदलू या, मग माप



लागण, खोडवा, खते यांविषयी आम्ही या पानावर नेहमी लिहितो. आज थोडे वेगळे लिहीत आहोत.

गेल्या हंगामात एका सभासदाच्या घरच्या बाई गट कार्यालयात आल्या. "उसाचं बिल किती जमा झालं तेवढंच सांगा. घरात पैसा दिसंना," म्हणाल्या. बिल वेळेवर जमा झाले होते. खताची उधारी मात्र तशीच होती. पैसा कुठे गेला हे सगळ्या गावाला ठाऊक होते. तोडणी संपली की शेतावर जी 'पार्टी' होते, तिला आम्हीही बसलो आहोत. तेव्हा हे बोट आमच्याकडेही आहे.

"साहेब, दिवसभर राबल्यावर थोडी लागतीच. अंग हलकं होतं," असे सभासद सांगतात. "जास्त पाणी, जास्त ऊस" हेही आम्ही असेच ऐकत आलो. पाट भरून पाणी सोडले, की मन भरायचे. जमिनी मात्र क्षारपड झाल्या. ज्यांचे मत बदलले त्यांनी ठिबक केले. दारूचेही तसेच आहे.

दारूने थकवा जात नाही, मेंदू मंदावल्यामुळे तो जाणवत नाही एवढेच. झोप लवकर लागते, पण उत्तररात्री मोडते. लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमी होते. सकाळी अंग जड, म्हणून संध्याकाळी पुन्हा थोडी!

आता हिशेब पाहू. ४२.८ टक्के अल्कोहोलच्या रम-व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरमध्ये सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये ६० ग्रॅम. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निकाली काढते. म्हणजे क्वार्टर उतरायला सहा ते आठ तास, कधी जास्तही. लिंबूपाण्याने किंवा अंघोळीने हा वेळ कमी होत नाही. रात्रीच्या लाइटला मोटार चालू करायला ओल्या पायांनी जाणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. कोणतेही प्रमाण आरोग्याला निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितले आहे. तरी जितकी कमी, तितके नुकसान कमी.

करायचे काय? खताची नोंद ठेवतो तशी महिनाभर वहीत नोंद ठेवा : कधी, किती, कोणाबरोबर, किती रुपये. बसण्याआधी जेवा आणि माप ठरवा. आठवड्यातले काही दिवस पूर्ण कोरडे ठेवा. ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल चालवायची असेल त्या दिवशी अजिबात नको. बिल जमा झाले की आधी घरी सांगा, उधारी भागवा. आग्रह झाला तर "आज नाही" एवढेच म्हणा, कारणे देत बसू नका. आणि यजमानांनीही आग्रह सोडावा.

मात्र जे रोज भरपूर घेतात, न घेतल्यास ज्यांचे हात थरथरतात, त्यांनी एकदम बंद करू नये. झटके येऊन जिवावर बेतू शकते. आधी डॉक्टरांना दाखवावे. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामात आहे. तिथे जाण्यात कमीपणा नाही.

मळीपासून अल्कोहोल होते, हे ऊस उत्पादकाला आम्ही काय सांगावे? ते आता पेट्रोलमध्येही जाते. तिकडेच जास्त जाऊ द्या, पोटात कमी!

– शेतकी विभाग